मागच्या सीटवर अण्णा

कुंतीनाथ मगदूमचे वडील मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चढले ते परत खाली उतरलेच नाहीत. सीट वाढत गेली. आधी ती कुंतीनाथच्या खांद्याला आली, मग घराच्या पत्र्याला, आणि आता अण्णा शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवरचे पापड मान खाली घालून बघत होते.

इचलकरंजीतल्या त्या गल्लीला याचं नवल उरलं नव्हतं. लोकांनी आपली सोय बघितली. नळ कोरडा पडला की बायका अंगणातून ओरडायच्या, "अण्णा, टँकर कुठवर आलाय?" अण्णा वरून सांगायचे, "पिठाच्या गिरणीपाशी हाय. घागरी काढा." कुंतीनाथची आई वेळूच्या टोकाला डबा अडकवून वर द्यायची. हे जैनांचं घर, दिवस बुडाल्यावर कुणी खायचं नाही. पण वर दिवस जरा उशिरा बुडायचा, त्यामुळे अण्णांना चार घास निवांत मिळायचे. गाडी रस्त्यानं निघाली आणि विजेच्या तारा आडव्या आल्या की अण्णा पाय वर घ्यायचे. तक्रार म्हणून नाही.

लाज वाटायची ती एकट्या कुंतीनाथला.

गाडी लालभडक होती, रेसवाल्यांची असते तशी. पुढून, बाजूनं सगळीकडून प्लॅस्टिक चढवलेलं. त्याला फेअरिंग म्हणतात. वाऱ्यासाठी असतं म्हणे. कुंतीनाथला वाऱ्याचं काही पडलं नव्हतं. टाकीवर छाती टेकून, काचेमागं तोंड खुपसून बसलं की हा कुणाचा कोण ते कळत नाही, एवढ्यासाठी त्यानं ती घेतली होती. सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर तो एसीत बसायचा, आणि बाप त्याच व्यापाऱ्याच्या यंत्रमागावर उभा असायचा.

नव्या गाडीचा पहिला फेरा घरातल्या मोठ्या माणसाला मागं बसवून मारायचा, अशी त्यांच्यात रीत. त्या दिवशी अण्णा पाळी सुटल्यावर घरी न जाता तसेच आले. केसांत सुताची भुरभुर, शर्टाला यंत्राच्या तेलाचा वास. आईनं टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, अण्णा मागं बसले. चौकात पेढीवरची पोरं चहा पीत उभी होती. कुंतीनाथ मागं न वळता म्हणाला, "अण्णा, जरा मागं सरका. अंग लावू नका."

अण्णा सरकले. ती सीट मागं सरकलं की वर जाणारी होती.

तेव्हापासून कुंतीनाथला लाज वाटली की सीट चार बोटं वर. एकदा खुद्द मालकानं पेढीच्या पायरीवरून विचारलं, "वर कोण रे तुझ्या?"

"ओळखीचे आहेत," कुंतीनाथ म्हणाला.

त्या दिवशी सीट एक पुरुषभर वर गेली. वरून अण्णा म्हणाले, "हळू चालव."

असंच चाललं असतं. पण कुंतीनाथच्या धाकट्या बहिणीला, सन्मतीला, बघायला एका रविवारी पाव्हणे यायचे ठरले. आधीचं एक स्थळ गल्लीच्या तोंडावरूनच माघारी गेलं होतं. सन्मती भाकरी थापता थापता म्हणाली, "दादा, बाप कुठाय विचारल्यावर मी आभाळाकडं बोट करू का?"

"मी काय करू त्याला?"

"तू चढवलायस, तूच उतरव. न्हाईतर त्या रविवारी तू पण घरात दिसू नकोस."

आईनं वेळूला डबा अडकवला.

कुंतीनाथ दस्तगीर मिस्त्रीकडं गेला. दस्तगीर तोंडाळ माणूस, निम्मं काम तोंडानंच करायचा. त्यानं आधी शेडचा एक पत्रा काढून अण्णांना वाट करून दिली, मग गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे प्लॅस्टिक उतरवू. हे खालचं हँडल काढून सरळ, उंच हँडल टाकू. मागं-पुढं एकच सपाट सीट. सरळ बसायचं, लोकांना तोंड दाखवत. पुढचा सरळ बसला की मागचा आपसूक खाली येतोय बघ."

"पण गाडी उघडी दिसेल."

"मग? बुरखा शिवू का तिला?"

प्लॅस्टिक निघायला लागलं. आतून वायरी, नळ्या, गंजके बोल्ट बाहेर आले. दिवा लोंबायला लागला. पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, आणि येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. कुंतीनाथचे कान तापले. वरून करकर आवाज आला.

"आरं, लाजू नगंस लेका!" दस्तगीर खेकसला. "मी हिकडं बोल्ट सैल करतोय आणि तू तिकडं बाप वाढवतोयस!"

"खाली काय चाललंय?" अण्णांनी हाक दिली.

"तुम्हाला उतरवतोय, अण्णा!"

"मी कुठं काय म्हणालोय?"

काढलेले लाल तुकडे कुंतीनाथनं पोत्यात घालून घरी नेले. आईनं त्यातला एक खोलगट तुकडा निवडून धुतला आणि त्यात तांदूळ निवडायला बसली.

नवं हँडल बसलं; सीट अण्णा उतरल्यावर बदलायची ठरली. कुंतीनाथ त्याला धरून बसला तेव्हा त्याची पाठ पहिल्यांदा ताठ झाली. काच नव्हती. वारा तोंडावर आला, समोरचा पानपट्टीवाला त्याच्याकडं बघून हसला, "अरे, तू मगदूमांचा व्हय?" वर काहीतरी सैल झालं. अण्णा दुमजली उंचीवरून खाली आले, मग शेडच्या पत्र्याखाली, मग त्यांच्या टाचा कुंतीनाथच्या कानांशी आल्या. टाचांना भेगा होत्या, भेगांत सूत होतं. वर बसून एवढे दिवस झाले तरी ते निघालेलं नव्हतं.

"बसून राहा," दस्तगीर म्हणाला. "उठलास की संपलं."

"दस्तगीरभाई, हँडल वर आलंय."

"कुठं?"

"मघाशी पोटाशी होतं. आता छातीशी आलंय."

दस्तगीरनं हात पुसले. "कुठंतरी खाली आलं की कुठंतरी वर जाणारच की. चालव तसंच."

रविवारी कुंतीनाथ दारातच गाडीवर बसून राहिला. अंगात पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. हँडल हनुवटीपर्यंत आलं होतं, त्यामुळे तो कायम कुणाला तरी थांबा म्हणत असल्यासारखा दिसायचा. अण्णा जवळजवळ खाली आले होते. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर राहिलं होतं, आणि तेवढंच काही केल्या सुटत नव्हतं. अण्णांचा श्वास मानेवर लागत होता. तेलाचा वास तोच होता.

पाव्हण्यांची गाडी गल्लीत आली. मुलगा उतरला, आई उतरली, मागून मुलाचे मामा, जाड मिशांचे. सन्मती पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती. तिचं लक्ष पाव्हण्यांकडं नव्हतं, भावाकडं होतं.

मामांनी दोघांकडं नीट बघून घेतलं. मग कुंतीनाथला विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

पाण्याच्या घागरी घेतलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"वडील," कुंतीनाथ म्हणाला. पण ते इतकं बारीक आलं, की त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

कुंतीनाथनं एकच केलं. सरळ हँडल धरून तो मागं रेलला. पाठ बापाच्या छातीला लागावी, एवढंच. वीत सरली. बोटं सरली. कागद जाईल एवढीच फट राहिली.

मागून अण्णा घाईघाईनं म्हणाले, "नको, नको, बाळ. पांढरा शर्ट हाय. तेल लागंल."

आणि सवयीनं मागं सरकले.

करकर आवाज झाला. कुंतीनाथ आणखी रेलला, अण्णा आणखी सरकले. "राहू दे रे, पाव्हणे बघायला लागलेत," त्यांचा आवाज आता वरून आला. कुंतीनाथनं हँडल घट्ट धरलं, आणि हँडल उठलं. हनुवटीवरून नाकाशी, नाकावरून कपाळाशी, मग डोक्याच्याही वर. सन्मतीच्या हातातला ट्रे कलला. मामा चष्मा काढून पुसत होते.

कुंतीनाथचे दोन्ही हात सरळ वर गेले. मुठी हँडलला, पाय जमिनीवरून सुटलेले, हनुवटी वर, कडेवर घे म्हणून पोर उभं राहतं तसा. त्याच्या बोटांपासून वीतभर वर अण्णांच्या पायांचे तळवे होते, आणि भेगांतलं सूत वाऱ्यानं हलत होतं.