परत ठेवलेला हत्ती

"बाबा, हे काय आहे?" थोरल्यानं छत्रीचं चित्र वडिलांच्या समोर धरलं.

"घड्याळ," हेडमास्तर म्हणाले आणि लगेच डोळे मिटून बसले.

अर्धांगाचा झटका येऊन गेला, हातपाय सावरले, पण शब्द काही परत आले नाहीत. ज्यांनी उभी हयात इतरांचे निकाल लावले, त्यांची आता रोज परीक्षा चालायची. परीक्षक थोरला. तो विद्यापीठात प्राध्यापक. दुसरा नंबर कसा असतो, हे त्याला ऐकूनच ठाऊक. वडिलांसाठी त्याचा जीव तुटत होता, पण प्रश्न विचारण्यापलीकडे प्रेम करायची रीत त्या घरात त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

त्यानं चित्रं आवरली आणि धाकट्या बहिणीला खिडकीपाशी नेलं.

"पोस्टमास्तरकाकांना फोन करतो. खेळायला येऊ नका म्हणून सांगतो. बुद्धिबळ काय खेळणार आता बाबा? उगाच त्यांची शोभा."

"शब्द गेलेत दादा, डोकं नाही."

"तुला काय माहीत?"

"चुकल्यावर डोळे मिटले ना? चुकलं हे कळतंय त्यांना. तसा चेहरा मी शाळेत वर्षानुवर्षं केलाय. त्यात माझा हात कुणी धरणार नाही."

हेडमास्तरांची मुलगी हेडमास्तरांच्याच शाळेत नापास होते, हा एके काळी गावभर चघळला गेलेला विषय. वडिलांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. फक्त घरात तिच्या अभ्यासाचं नाव काढणं बंद केलं. ती पुढे बस चालवायला लागली आणि छान चालवायची. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

"येऊ दे काकांना," ती म्हणाली. "हा एक डाव काढून घेतलास, तर बाबा संपले."

काका आले. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारा हा माणूस आज चपला काढतानाही गप्प होता. पट मांडला गेला. हेडमास्तर सावकाश, पण ठीक खेळत होते. थोड्याच वेळात काकांनी आपला हत्ती उचलला आणि सरळ हेडमास्तरांच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. खेळ जेमतेम जाणणाऱ्यालाही कळावं की ही चूक नव्हती, दान होतं.

हेडमास्तर हत्तीकडे बघत राहिले. बराच वेळ.

"दिसतच नाहीये त्यांना," थोरला पुटपुटला.

हेडमास्तरांनी हात पुढे केला. हत्ती उचलला आणि जिथून आला होता, त्याच घरात परत नेऊन ठेवला. मग कॉपी करताना सापडलेल्या पोरासमोर बाक वाजवावा, तसं बोटाच्या पेरानं पटावर वाजवलं.

काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग चेहरा हळूहळू उजळला.

"असं होय? मग आता रडू नकोस हं!"

त्यानंतर मात्र दोघांनी एकमेकांना दयामाया दाखवली नाही. चहा निवून गेला. थोरला उभ्याचा खाली बसला आणि वडिलांची प्रत्येक चाल श्वास रोखून पाहू लागला. शेवटी काकांनी वजीर सरकवला आणि कपाळ पुसलं.

"मात! पण लेका, घाम फोडलास की रे!"

हेडमास्तर हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या झटक्यानंतर घरात हा आवाज पहिल्यांदाच उमटत होता.

"हरले ना ते?" थोरला गोंधळून म्हणाला. "मग एवढे खूश कशानं?"

"पेपर खरा निघाला म्हणून," धाकटी म्हणाली. "फुकटचे मार्क नाही दिले कुणी. तुला नाही कळायचं ते. तू कधी नापासच झाला नाहीस."

यात टोमणा नव्हता, आणि थोरल्याला ते लागलंही नाही. "काका, उद्या जरा लवकर या," तो म्हणाला आणि चहा पुन्हा ठेवायला आत गेला.

हेडमास्तरांचं हसणं थांबलं होतं. त्यांनी मान वळवून धाकटीकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द काही सापडला नाही. त्यांनी शोधायचंही सोडून दिलं आणि नुसते बघत राहिले.

ती नजर धाकटीनं लगेच ओळखली. दादाचा निकाल लागायचा त्या दिवशी बाबा दादाकडे असंच बघायचे. आजवर तिनं ती नजर बाजूनंच पाहिली होती.