तडा गेलेलं खापर

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे, चुलीवर पालथं घालून ज्यावर पुरणाचे मांडे भाजतात ते मातीचं भांडं. तडा गेलेलं खापर खरं तर उकिरड्यावर जायचं, पण मी अजून भडगावात वच्छलाबाईंच्या परसात, चुलीशेजारी पालथा पडून आहे. का, ते ऐका.

गिरणेकाठच्या मातीतून चुडामण कुंभाराने मला घडवलं. वच्छलाबाईंनी मला आधी मंद आचेवर बसवलं, एकदम भडका दिला नाही, म्हणून मी टिकलो. पुरण भरलेला गोळा त्या दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायच्या आणि माझ्या तापलेल्या पाठीवर अलगद टाकायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईत त्यांच्या मांड्यांना लांबून मागणी यायची. लोकांनी वाहवा केली की, खोटं कशाला बोलू, अर्धी करामत आपलीच असं मलाही वाटायचं.

त्यांची लेक सुलक्षणा माझ्याच धगीशी लहानाची मोठी झाली. तिचे वडील टीव्हीवर क्रिकेटचं इंग्रजी समालोचन मोठ्याने लावत. ते ऐकता ऐकता पोरगी घडाघडा इंग्रजी बोलू लागली. व्याकरणाचं पुस्तक तिने फारसं उघडलं नव्हतं, तरी वाक्य चुकत नसे. का चुकत नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

यंदा चाळीसगावच्या एका शाळेत ती इंग्रजी शिक्षिकेच्या मुलाखतीला गेली आणि मान खाली घालून परत आली. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तिच्याच वाक्यांचे व्याकरणाचे नियम विचारले होते. तिला एकही सांगता आला नाही. "नियम माहीत नाहीत आणि म्हणे येतं!" असं म्हणून ते सगळ्यांदेखत हसले. तरीही सोमवारी वर्गावर शिकवून दाखवायला तिला बोलावलं होतं. ती जाणार नव्हती.

"तोंड कसं दाखाडू, माय?" चुलीशी बसून ती म्हणाली. वच्छलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सोमवारच्या आधीच आखाजी आली. शेजारच्या कनीजबी मांडे शिकायला आल्या.

"अक्का, कणीकमा पानी कितलं टाकानं?"

"ते माले काय माहीत, बहीन? हातले समजस."

कनीजबींनी पुन्हा विचारलं. हातांवर मांडा पसरवता पसरवता वच्छलाबाई गोंधळून हसल्या. तेवढ्यात सुलक्षणा ताडकन बोलली, तेही त्या साहेबांच्याच शुद्ध मराठीत. "नियम माहीत नाहीत आणि म्हणे येतं!"

वच्छलाबाईंचे हात थांबले. मांडा फाटला, पुरण माझ्या पाठीवर पडून जळू लागलं. सुलक्षणाने घाबरून पाण्याचा तांब्या माझ्यावर उपडा केला. मी रसरसलेला होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पदराला हात पुसत त्या हळूच म्हणाल्या, "खरं शे बेटा. माले काहीच येत नही."

मित्रांनो, तडा जाताना दुखलं नव्हतं इतकं ते ऐकून दुखलं. सुलक्षणाचा चेहरा काळवंडला. ज्या शब्दांमुळे तिला अन्नपाणी गोड लागत नव्हतं, तेच तिने शेजारणीसमोर आपल्या आईला ऐकवले होते. तिला धरणी ठाव देईना.

बऱ्याच वेळाने ती शेजारून दुसरं खापर मागून घेऊन आली. "माय, माले शिकाड," एवढंच म्हणाली. वच्छलाबाईंनी तिच्या मनगटांखाली आपले हात धरले. पहिला मांडा फाटला.

"फाटू दे," त्या म्हणाल्या, "दुसरा ले."

सोमवारी सुलक्षणा चाळीसगावला गेली. वर्गात एक मुलगी बोलताना अडखळली. हिने तिला नियम विचारला नाही. वाक्य स्वतः बोलून दाखवलं, तिच्यासोबत पुन्हा पुन्हा म्हटलं, तिला जमेपर्यंत. नोकरी मिळाली. घरात पेढे वाटले गेले.

तरी परसातून जाताना मी दिसलो की तिची नजर अजून खाली जाते. आईने तिला केव्हाच माफ केलंय. तिने स्वतःला केलेलं नाही, म्हणून ती मला फेकूही देत नाही.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तापलेल्या खापरावर गार पाणी ओतू नका. आणि कामात हात गुंतलेल्या माणसाला चारचौघांत "तुला काय येतं?" असं म्हणू नका. खापर काय, बाजारात दुसरं मिळतं.