कॉलेजचा गोठा

"फाटक उघड, नीला," डीन हॉलिस म्हणाले. "ट्रकवाला खोळंबलाय."

"नाही उघडणार."

नीलांबरी फाटकाला पाठ लावून उभी होती. मागे गोठ्यात क्लोव्हर गाय वाळक्या काडावर आडवी झाली होती. कॉलेजच्या बाकी सगळ्या गाई ट्रकमध्ये चढल्या होत्या. हिची मात्र सकाळीच पाणमोट फुटली होती.

"नव्या मालकाकडे जनावरांचा डॉक्टर आहे, नीला."

"आणि वाटेत वासराचे पाय बाहेर आले तर? ट्रकवाला हायवेवर उतरून ओढणार?"

हॉलिसनी तिच्या खांद्यावरून गोठ्यात डोकावलं. ते स्वतः याच गोठ्यात धार काढायला शिकले होते.

मिशिगनमधल्या खेड्यातलं हे सरकारी कम्युनिटी कॉलेज मुळात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालं होतं. आता गोठ्याच्या जागी गाड्यांच्या बॅटऱ्यांची लॅब येणार होती. नीलांबरी लग्न होऊन नोव्हाय शहरात आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं. ओळखीच्या बायकांनी कोडिंगचे कोर्स लावले. ती मक्याच्या शेतांमधून तासभर ड्राइव्ह करून इथे आली आणि डेअरीच्या वर्गात जाऊन बसली. ग्रीन कार्ड आल्यावर गोठा तिच्याच हाती आला. नोव्हायच्या गणपतीत कुणी विचारलं की तिचा नवरा शशिकांत घाईघाईने सांगायचा, "ती कॉलेजमध्ये असते." ती शांतपणे पुढे जोडायची, "गोठ्यात."

खिशातला फोन वाजला. शशिकांतच होता.

"निलू, हॉलिसने मला कॉल केला होता. सीन करू नकोस, यार. कंपनीतर्फे त्या लॅबच्या कमिटीवर मी आहे. किती ऑकवर्ड होतं!"

"मग कमिटीला सांग, गाय वितेय."

"अगं, एका गाईने काय फरक पडणार? सगळं डिसाइड झालंय."

"माहितेय मला," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ट्रकवाला खाली उतरला. "मॅडम, ट्रकमधल्या गाई किती वेळ उभ्या ठेवू?"

"नको ठेवूस. त्यांना घेऊन जा. ही येणार नाही."

"नीला," हॉलिस हळू आवाजात म्हणाले, "याची वर तक्रार जाईल."

"जाऊ दे. महिनाअखेरीला नोकरी तर काढलीच आहे तुम्ही. आता आणखी काय काढणार?"

हॉलिसनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला निघायची खूण केली. वळणापर्यंत गाईंचं हंबरणं ऐकू येत राहिलं. नीलांबरीने बाहीने डोळे पुसले, कोपरापर्यंत हात धुतले आणि ती क्लोव्हरपाशी गुडघ्यांवर बसली.

वासराचा एक पाय आत दुमडला होता. तिने हात घालून तो सरळ केला. शेजारी कुणीतरी टेकलं म्हणून वळून पाहिलं, तर हॉलिस. कोट त्यांनी दावणीवर टाकला होता.

"पुढच्या कळेला," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ओढलं. ओलीचिंब कालवड काडावर घसरली, शिंकली. क्लोव्हर मान वळवून तिला चाटू लागली.

हात पुसत हॉलिस म्हणाले, "सोमवारी दुसरा ट्रक मागवतो."

"मागवा. तोवर गोठा चालू आहे."

शनिवारी, रविवारी ती दोन्ही वेळच्या धारेला आली. एवढ्या मोठ्या गोठ्यात एकच गाय, पण तिने सगळे दिवे लावले. सोमवारी फाटक तिनेच उघडलं. क्लोव्हरला दाव्याने चढवलं, कालवड उचलून आत ठेवली.

मंगळवारी मापं घ्यायला कमिटी आली. पॉलिश केलेल्या बुटांत शशिकांतही होता. नीलांबरी गमबूट घालून पाइपने फरशी धूत होती.

"आत येऊ का?" हॉलिसनी दारातून विचारलं.

"ओलं आहे. वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही."

"अगं, सगळे थांबलेत," शशिकांत मराठीत पुटपुटला.

"थांबू दे."

तिने पाइप ओढत पार शेवटच्या कोपऱ्यात नेला आणि खराट्याने एकेक फरशी घासायला घेतली. दाराबाहेर, झोंबऱ्या वाऱ्यात, सगळी कमिटी कॉलर वर करून रांगेत उभी राहिली.