उकळलेली बासुंदी

केदारखेड्यात पंगत म्हटली की गोजरबाई, हे वीस वर्षं ठरलेलं होतं. ती एकदा चुलवणासमोर बसली की घरधनी निर्धास्तपणे मांडवात मिरवायला मोकळा. धर्मराजच्या पुतणीचं लग्नही तिनंच रांधलं आणि त्याच लग्नानं तिचं नाव मातीत गेलं.

वैशाखातलं लग्न. बासुंदीला खवा धर्मराजच्या स्वतःच्या भट्टीतला. स्टँडजवळ त्याची खव्याची भट्टी होती, आसपासच्या गावांचं दूध तिथंच आटायचं. खवा आदल्या दिवशीचा होता आणि सकाळपासून टेम्पोत ताडपत्रीखाली पडून होता. गोजरबाईनं हुंगून पाहिला, जिभेवर ठेवून पाहिला. वास चांगला, चव चांगली. तिनं तो दुधात घातला आणि तासभर खळाखळा उकळला. एक वाजता पहिली पंगत उठली. चारच्या आत ऐंशी माणसं मांडवाच्या कडेला बसून ओकत होती आणि नवरदेव बाशिंगासकट मोरीवर वाकला होता.

संध्याकाळी धर्मराजनं मंगलाष्टकांचा माईक हातात घेतला. उकळलेल्या दुधात दोष राहत नसतो, तेव्हा ह्या बाईनंच काहीतरी कालवलं, असं त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं. हिच्या पोरीला आम्ही सून करून घेतलं नाही, त्याचा तिनं डाव साधला म्हणाला. खरं तर गोजरबाईनं आपल्या शीतलसाठी त्याच्या घरचं स्थळ कधी मागितलंच नव्हतं. धर्मराजची म्हातारी आई, गिरिजाबाई, तेवढी बोलली. सकाळपासून मी तिच्या शेजारी बसलेय, तिनं काही कालवलं नाही, असं ती दोनदा म्हणाली. पण माईक तिच्या हातात नव्हता.

त्यानंतर गोजरबाईच्या कढया उपड्या पडल्या. हसनाबादचं ठरलेलं बारसं दुसरीकडे गेलं. देवळात ती प्रसादाच्या पातेल्याजवळ उभी राहिली की बाया पातेलं सरकवून घ्यायच्या. शीतलचं जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, ते सांगायची गरजही नव्हती.

सरकारी दवाखान्यानं उरलेल्या बासुंदीचा नमुना तपासायला पाठवला होता, त्याचा अहवाल दीड महिन्यानं आला. शीतल जालन्याला एका लॅबमध्ये कामाला होती. तिनं तो आईला समजावून सांगितला. भट्टीतून उतरलेला खवा स्वच्छच असतो. पण तो गार झाल्यावर कोणी पिकलेल्या हातानं मळला, तर त्या पुवातले जंतू खव्यात जातात. उन्हाळ्यात चार-सहा तासांत ते बेसुमार वाढतात आणि वाढता वाढता एक विष सोडतात. त्याला ना वास असतो, ना चव.

"मंग मी उकळली ती?" गोजरबाईनं विचारलं.

"उकळल्यानं जंतू मरतात, आई. विष मरत न्हाई. ते तसंच पोटात जातं. आतड्याला झोंबलं की तिथल्या नसा डोक्याला खबर देतात, अन् माणूस ओकायला लागतो. आतडं सुजतं, पाणी धरत न्हाई, मंग जुलाब."

गोजरबाईला एकदम कल्याणचा हात आठवला. कल्याण हा भट्टीवरचा गडी, खव्याचे गोळे वळायचा. लग्नाच्या दिवशी टेम्पोतून खवा त्यानंच उतरवला होता आणि त्याच्या बोटाला नखुरडं होऊन नखाशी पू धरलेला तिनं पाहिला होता.

ती अहवाल घेऊन धर्मराजकडे गेली. त्यानं तो ओट्यावरच्या चार माणसांना दाखवला आणि हसून परत दिला. कागद काय, कसाही करून आणता येतो, म्हणाला. बासुंदी उकळली होती की नव्हती, एवढंच सांग. उकळली होती, गोजरबाई म्हणाली. मग झालं तर, असं म्हणून तो पान खायला वळला.

सरकारकडे तक्रार कर, असं शीतलनं परोपरीनं सांगितलं. गोजरबाई हो म्हणाली आणि केली नाही. तक्रारीनं भट्टीला चार दिवस कुलूप लागलं असतं. तिला कुलूप नको होतं. जे ऐंशी माणसांच्या पोटात पेटलं, ते धर्मराजच्या पोटात पेटलेलं तिला बघायचं होतं. तेही सगळ्या गावादेखत, त्याच्याच हातानं.

दहा महिने ती वाट बघत राहिली. रोज सकाळी स्टँडवर चहा प्यायच्या निमित्तानं बसायची आणि भट्टीवर कल्याणचे हात बघायची. हात धडधाकट असले की चहा संपवून घरी यायची.

चैत्र संपता संपता वादळ झालं आणि खांब पडून दोन दिवस वीज गेली. रविवारी सकाळी तिला कल्याणच्या अंगठ्याला चिंधी दिसली. चिंधी पिवळी पडली होती आणि त्याच हातानं तो खवा वळत होता. भट्टीतला फ्रीज बंद होता. आदल्या दिवशी त्यानंच वळलेला खवा डब्यात तसाच होता, तेही तिनं विचारून घेतलं.

त्याच दिवशी शाळेत बैठक होती. पोरांची खिचडी शिजवायला बाई नेमायची होती आणि गोजरबाईनं अर्ज दिला होता. समितीचा अध्यक्ष धर्मराज. त्यानं अर्ज वाचला आणि लेकरं काय मारायचीत का, असं विचारलं. गोजरबाई सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"भाऊ, उकळल्यावर दोष राहत न्हाई म्हणता ना?"

"बिलकुल न्हाई राहत."

"मंग तुमचाच कालचा खवा आणा. वहिनींना उकळू द्या. मी हात लावत न्हाई, भांड्याजवळ येत न्हाई. अन् तुम्ही खाऊन दाखवा. तुम्हाला काही झालं न्हाई तर मी हे गाव सोडते."

पन्नास माणसांसमोर त्याला मागं हटता येईना. खवा आला. त्याची बायको साधना हिनं शाळेच्या गॅसवर बासुंदी उकळली. गोजरबाई दहा हात लांब पायरीवर बसून होती, दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. बासुंदीला तीन उकळ्या आल्या. चौथीची वाट बघा, असं तिनंच बसल्या जागेवरून सांगितलं.

धर्मराजनं मोठा वाडगा चाटूनपुसून खाल्ला. बाकी कोणी हात लावायचा नाही, वाद आमच्या दोघांचा आहे, असं गोजरबाईनं बजावलं होतं. पण तो आता रंगात आला होता. त्यानं वाटी भरली आणि शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिली.

गिरिजाबाई ऐंशीच्या पुढची, अंगानं काडी. ओरडावं, तर धर्मराज तिथंच घशात बोटं घालून सगळं बाहेर काढणार. दहा महिन्यांनी हाती आलेलं जाणार. म्हातारीनं वाटी ओठांशी नेली. गोजरबाई उठली, भराभर जाऊन तिनं वाटी काढून घेतली आणि एका दमात स्वतः पिऊन टाकली.

"हिला भीती न्हाई, बघा," कोणीतरी मागून म्हणालं. धर्मराज हसला.

पुढचे अडीच तास ती लिंबाखाली बसून राहिली. आधी धर्मराजच्या कपाळाला घाम आला. मग त्यानं पोट धरलं आणि शाळेच्या भिंतीशी जाऊन ओणवा झाला. ते बघून तिच्या काळजाला थंडावा मिळाला. तो ओसरायच्या आत तिच्याही पोटात पीळ पडला. दोघांना एकाच जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं आणि शेजारशेजारच्या खाटांवर सलाईन लावलं.

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव वॉर्डात जमा झालं. धर्मराजचे डोळे खोल गेले होते. त्यानं तिच्याकडे मान वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् तरी मला खाऊ घातलं."

"घातलं. तुमचा खवा, तुमची बायको, तुमचा हात." तिला मधेच उमासा आला. तो आवरून ती म्हणाली, "आता सांगा ह्यांना, लग्नात मी काही कालवलं होतं का."

तो पुटपुटला. तिनं ऐकू आलं नाही म्हटलं. तो पुन्हा बोलला, तेव्हा खाटेजवळच्या चौघांनी ऐकलं. तिनं दाराकडे बोट केलं, तिथल्यांना ऐकू गेलं नाही म्हणाली. तिसऱ्यांदा धर्मराज कोपरावर उठून बसला आणि मोठ्यानं बोलला. लग्नात गोजरबाईनं काही कालवलं नव्हतं, खवा माझा खराब होता, हे त्यानं रडत सांगितलं. तिला त्याची दया आली नाही.

शीतल दुसऱ्या दिवशी आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, म्हातारीनं तुझ्या आधी वाटी संपवली असती तर? शीतल आठ दिवस तिच्याशी बोलली नाही आणि तिनंही समजूत काढली नाही.

जूनमध्ये शाळेचं काम तिला मिळालं. पंगतीही हळूहळू परत आल्या. दिवाळीनंतर धर्मराज स्वतः तिच्या दारात आला. त्याच्या धाकट्या मुलीचं, प्रीतीचं लग्न ठरलं होतं आणि स्वयंपाक तिनंच करावा, असं तो चप्पल काढून, हात जोडून सांगत होता. गोजरबाई तांदूळ निवडत होती. तिनं त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.