भाऊजींची एकोणतीस इंची

आमच्या भाऊजींना छंद नाहीत, छंदांचं सामान आहे. दुर्बीण आहे, तिच्या स्टँडवर टॉवेल वाळतात. लाकूड कोरायच्या पटाशांचा अख्खा संच आहे, त्यातल्या एका पटाशीने सासूबाई बरणीची घट्ट झाकणं उघडतात. पोहायचं ठरलं तेव्हा पाण्यात घालायचे तीन चष्मे आले आणि भाऊजी दोनदा पोहले. टाइल्सचं दुकान आहे, लग्न केलेलं नाही, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांना डोंगरात सायकल चालवायची हुक्की आली. कारण एवढंच, की मी एकोणीस वर्षं चालवते आहे.

सायकल घरी आली त्या दिवशी मी मुद्दाम बाहेर येऊन बघितली. चाकं एकोणतीस इंची. माझी सव्वीस. भाऊजी उंचीला माझ्याएवढेच, म्हणजे बुटकेच. त्या दोन चाकांच्या मध्ये ते असे उभे होते की फाटकात कुणी पोर अडकलंय असं वाटावं.

"भाऊजी, हिच्यावर चढायला शिडी मिळाली का सोबत?"

"वहिनी, मोठं चाक अडथळ्यावरून सहज जातं म्हणे," ते म्हणाले. "दुकानदाराने चित्र काढून दाखवलं."

"दुकानदार चित्रच काढणार. त्याला विकायची होती."

आमचा सहा जणांचा गट आहे. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या डोंगरावर जातो. पोस्टात काम करणारी एक मैत्रीण, एक चष्मेवाला, बाकीचे असेच. म्होरकी मी. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण पुढे मीच असते. भाऊजी दोन रविवार आले आणि दोन्ही रविवार सर्वांत मागे राहिले. वर बसून पाणी पिताना मी त्यांच्या सायकलीचं नाव 'जिराफ' ठेवलं. सगळे हसले, भाऊजीही हसले. तिसऱ्या रविवारी दुकानात माल उतरवून घ्यायचाय म्हणाले. मी पोस्टवालीला म्हटलं, "बघ, महिनाभरात त्या हँडलवर चड्ड्या वाळतील."

आणि मग माझीच सायकल बसली. पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. मेकॅनिकने तो खोलून टेबलावर पसरला आणि सांगितलं की आतलं रबर बाहेरून मागवावं लागेल, तीन आठवडे तरी धरा. एक आठवडा मी कसाबसा काढला. दुसऱ्या शनिवारी सकाळी हे म्हणाले, "घरात बसून आमचं डोकं खाण्यापेक्षा त्याची घेऊन जा ना. नुसती उभी आहे."

"त्यापेक्षा मी चालत जाईन."

पण बूट मात्र घातले. भाऊजी जिन्यावरून उतरून आले. चेहरा असा फुललेला, जणू मी त्यांच्यासाठी मुलगी बघून आले होते.

"घ्या की वहिनी! मी दादाची जुनी काढतो. दोघं जाऊ."

"काढा. सव्वीस इंचीवर बसलात म्हणजे तरी कळेल सायकल कशाला म्हणतात."

यांची सायकल कोठीत खिळ्याला टांगलेली असते. भाऊजींनी ती उतरवली, पुसली, हवा भरली. मी जिराफावर बसले आणि फाटकातून वळले. म्हणजे मला वळायचं होतं, सायकलीला नव्हतं. शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या आडव्या झाल्या. भाऊजींनी खाली उतरून त्या सरळ केल्या, माती परत आत लोटली. त्याचा मला जास्त राग आला.

टाकीपर्यंतचा चढ डांबरी आहे. सुरुवातीला ती सायकल हलायलाच तयार नाही. पेडल मारायचं आणि तिने विचार करायचा. मी मागे वळून भाऊजींना दर पन्नास पावलांनी तिचे दोष सांगत होते. जड आहे. हँडल फार लांब आहे. पुढचं चाक कुठेतरी दुसऱ्याच गल्लीत चाललंय. भाऊजी धापा टाकत "हो, हो" म्हणत होते. यांच्या सायकलीचे गिअर नीट पडत नव्हते, त्यामुळे त्यांना तसंही वाद घालायला दम नव्हता.

मग पायवाट लागली. तिथे झाडांची मुळं आडवी पसरलेली आहेत. दरवेळी माझे दात एकमेकांवर आपटतात, आणि दात हा माझा धंदा असल्यामुळे ते माझ्या चांगलं लक्षात राहतं. मी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅप बनवून देते. त्या दिवशी दात आपटले नाहीत. मुळं आली आणि गेली. मला वाटलं, आठवडाभराच्या विश्रांतीने अंगात जोर आलाय.

माथ्यावर पोचले तेव्हा भाऊजी अजून दोन वळणं खाली होते. आले, झाडाला टेकले आणि पहिला प्रश्न तोच.

"कशी वाटली?"

"बाल्कनी आहे," मी म्हटलं. "वर बसून चहा घ्यावा. सायकल म्हणून काही खरं नाही."

"पण तुम्ही आज लवकर पोचलात."

"मी नेहमीच लवकर पोचते, भाऊजी. तुम्ही मागे असता म्हणून तुम्हाला दिसत नाही."

उतारावर मध्येच एक जागा आहे. दगडांच्या दोन ओळी वाटेवर वर आल्यात आणि ओळींच्या मध्ये खाच आहे. गटाने त्या जागेला 'कवळी' असं नाव दिलंय, माझ्यावरून. तिथून मी सायकलवरून न उतरता जाते, पण सरळ जात नाही. डाव्या कडेने, झुडपाला घासून, एका हाताच्या रुंदीची वाट आहे. ती मी स्वतः शोधलेली. बाकीचे चालत उतरतात. मी खाली उभी राहून त्यांची वाट बघते, आणि ती पाच मिनिटं मला आठवडाभर पुरतात.

त्या दिवशी डावीकडे वळायला मला उशीर झाला. त्या लांबड्या सायकलीला वळायला जेवढी जागा लागते तेवढी उरलीच नव्हती. समोर सरळ कवळी. ब्रेक दाबायलाही वेळ नव्हता. धप, धप, आणि मी खाली! पडले नाही, पाय टेकला नाही, काहीच नाही. सायकल थांबवून मी वर बघितलं. एकोणीस वर्षांत जिथून जायची छाती झाली नव्हती तिथून मी सरळ आले होते. मला वाटलं, मीच आले.

वर भाऊजी एक पाय टेकवून उभे होते.

"वहिनी, मी चालत येतो."

"चालत? मला आत्ता बघितलं ना?"

"बघितलं. पण तुम्ही त्या सायकलवर होता."

"म्हणजे या बाल्कनीवरून मी उतरले, आणि तुम्हाला धड सायकलवरून उतरता येत नाही? ब्रेक सोडा आणि या सरळ. वाट तीच आहे, दगड तेच आहेत."

"चाक लहान आहे हो हिचं."

"कारणं नकोत भाऊजी. आयुष्यभर सामान घेतलंत, आता एकदा काहीतरी करून दाखवा."

हे मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो. त्यांनी पेडलवर पाय ठेवला, हेल्मेटचा पट्टा एकदा चाचपून बघितला, आणि आले.

पुढचं चाक खाचेत गेलं आणि तिथेच राहिलं. भाऊजी राहिले नाहीत. हँडलवरून पुढे आले आणि माझ्या पायांपासून दोन हातांवर उजव्या खांद्यावर पडले. काडी मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, झुडपाची फांदी असेल.

"काही नाही झालं," ते लगेच म्हणाले आणि उठून बसले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. मी शर्टाची गळपट्टी बाजूला केली. गळ्याखालचं हाड कातडीला आतून टोचत होतं. दाबून बघायची गरज नव्हती. मी माझ्या जाकिटाच्या बाह्या बांधून त्यांचा हात गळ्यात अडकवला.

सायकली झाडाला कुलूप लावून ठेवल्या आणि आम्ही चालत निघालो. यांना फोन लावून टाकीपाशी गाडी आणायला सांगितलं. अर्ध्या वाटेत भाऊजी थांबले. मग म्हणाले, "वहिनी, एक विचारू?"

"विचारा."

"मागे तुम्ही एका कवळीसाठी रडकुंडीला आला होता. दात अर्धा मिलिमीटर उंच झाला म्हणून सगळी कवळी पुन्हा बनवलीत. म्हणालात, एवढ्याने माणसाला जेवता येत नाही."

"हो."

"इथे तीन इंच होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. माल बघून तो फुटका निघाला की गिऱ्हाइकाला जसं सांगतात, तसं त्यांनी सांगितलं. वीस वर्षांत त्यांनी मला कधी काही सुनावलं नव्हतं, आणि सुनावलं ते एवढ्या चार शब्दांत.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. हाड मोडलं होतं, सहा आठवडे हात गळ्यात. यांनी विचारलं, "पडलास कसा?"

"पडलो," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यावर भागलं असतं. रात्री जेवताना सासूबाईंनी त्यांना डाव्या हाताने चमचा धरताना बघितलं आणि तोंड सोडलं. झेपत नाही ते करायचं कशाला, या वयात डोंगर कशाला, नवं खूळ कशाला. भाऊजी मान खाली घालून जेवत होते.

"आई, ते चालत उतरत होते," मी म्हटलं. "मी त्यांना हिणवलं, म्हणून आले."

सासूबाईंनी भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "ते मला कळलंय. तो आपणहून कधी जिन्याची शेवटची पायरीसुद्धा गाळत नाही."

सोमवारी सायकली आणायला मी आणि हे गेलो. मी आधी यांची सायकल उचलून खाचेपाशी नेली आणि पुढचं चाक आत ठेवलं. मग भाऊजींची. मला वाटलं होतं, फरक डोळ्यांत भरेल. नाही भरला. मोठं चाक जेमतेम एक बोट वर राहत होतं. पण पलीकडचा दगड लहान चाकाला समोरून भिडत होता आणि मोठ्याला जरा खालून. तेवढंच. मी गुडघ्यांवर बसून दोन-तीनदा ठेवून बघितलं.

"काय करतेस?" यांनी विचारलं.

"बघतेय."

"मग?"

"घरी चला."

रविवारी गटात मी सगळं सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे कवळीवरून तू सरळ गेलीस ते सायकलीमुळे?" मी म्हटलं, "हो." त्याला हे इतकं आवडलं की त्याने परत एकदा विचारलं. पोस्टवाली हसली नाही. तिने विचारलं, "भाऊजींची माफी मागितलीस का?" तशी ती फार चोंबडी आहे.

मागितली नव्हती. त्या संध्याकाळी वर गेले. भाऊजी खुर्चीत बसून डाव्या हाताने टाइल्सचे नमुने लावत होते. मी "माझं चुकलं" म्हटलं. ते "असू दे" म्हणाले. तिथेच उठायला हवं होतं, पण मी बसून राहिले आणि मनातलं बोलून टाकलं.

"भाऊजी, तुम्ही बरे होईपर्यंत तुमची सायकल मी नेऊ का रविवारी? माझ्या शॉकअपचं रबर अजून आलेलं नाही."

त्यांनी एक टाइल उजेडाकडे धरून बघितली.

"नाही," ते म्हणाले.

"नाही?"

"नाही. मला नाही द्यायची."

दुर्बीण, पटाश्या, चष्मे, आजवर जे मागितलं ते या माणसाने दिलं होतं, मागायच्या आधी दिलं होतं. मी खाली आले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, बरं केलं त्यांनी. पण त्यांना तसं सांगायला काही गेले नाही.

हात सुटल्यावर डॉक्टरांनी आणखी महिनाभर थांबायला सांगितलं. भाऊजी थांबले. मग एका शनिवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "येताय?" माझी सायकल तोवर दुरुस्त होऊन आली होती. चढावर ते पुढे गेले. मी मागून त्यांची पाठ बघत होते. खांदा अजून थोडा वर धरतात. सीट दोन बोटं जास्त वर ठेवली आहे. गिअर उशिरा बदलतात. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, आणि टाकीपासून माथ्यापर्यंत मी तोंडातून अक्षर काढलं नाही. तेवढी मेहनत मला चढावरसुद्धा कधी पडली नव्हती.

उतारावर कवळीपाशी ते थांबले. बराच वेळ दगडांकडे बघितलं. मग सावकाश उतरले, ती अजस्र सायकल डाव्या खांद्यावर घेतली आणि एकेक दगड चाचपत चालत खाली गेले. एवढी चाकं घेऊन पायी उतरणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. इतकं हास्यास्पद दृश्य, आणि बघायला माझ्याशिवाय कुणी नाही.

मी डाव्या कडेने सायकलवरून गेले, झुडपाने दंडावर एक ओरखडा काढला. खाली भाऊजी सायकल टेकवून माझी वाट बघत होते.

"चला," ते म्हणाले, "दुकान उघडायचंय."