करवंदीचं कुलूप

तुम्ही जित्याजागत्या माणसांची एकोणीस घरं रिकामी लिहिलीत, साहेब. लंकाबाई मेंगाळ त्याचा जाब विचारायला डोंगर उतरून जुन्नरला आली, तर तुम्ही खुर्चीत नव्हता. म्हणून आता ऐका.

लंकाबाई हिरडेवाडीच्या अंगणवाडीत मदतनीस. एकवीस वर्षं खिचडी शिजवतेय. होळी झाली की ठाकरांची सगळी वाडी नारायणगावकडे मजुरीला उतरते, ती पेरणीच्या तोंडाला वर येते. मागं राहते लंकाबाई, एकोणीस घरांच्या कोंबड्या आणि झरा. एक घागर भरायला पाऊण तास. नळ खालच्या गावापर्यंत आला आणि थांबला. कारण मागच्या जनगणनेच्या मोजणीत वाडीत माणसं निघाली नऊ. नऊ माणसांना कुठला नळ देतंय सरकार?

म्हणून यंदा ती मोजणीवाल्याची वाट बघत होती. आणि तो आला तेव्हा नेमकी झऱ्यावर होती. घागर घेऊन परतली, तर भिंतींवर नंबर पडलेले.

“किती मानसं लिवली, गुरुजी?”

“तुम्ही एकट्या.” सोपान गुरुजी ओतूरकडचे शाळामास्तर, घामानं निथळत होते. “बाकी घरं रिकामी.”

“रिकामी? दारात काटी न्हाई दिसली?”

हिरडेवाडीत कुणाकडं कुलूप नाही. घर सोडताना दारात करवंदीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी बांधतात. परतल्यावर ज्याची त्यानंच सोडायची आणि तिच्यावरच पहिली चूल पेटवायची. दुसऱ्याच्या हातानं सुटली, तर ते घर कायमचं उठलं म्हणतात.

“दिसली की. मला वाटलं, ढोरं शिरू नयेत म्हणून कुणी लावली. कुलूप असतं तर कुलूपबंद टाकलं असतं, परत फेरी मारली असती. अ‍ॅपमध्ये काटी नाही ओ, मावशी.”

“आत बियान्याचं भात हाय. देव हायेत.”

“मग सोडा काटी. दाखवा. आत्ता बदलतो.”

लंकाबाईनं भिकाच्या दारातल्या काटीला हात घातला. भिका तिचा धाकटा दीर. गाठ अर्धी सुटली. मग तिनं हात मागं घेतला आणि गाठ पुन्हा आवळली.

“न्हाई. नळापायी दिराचं घर उठवू व्हय?”

गुरुजी तिच्या घागरीतलं दोन तांबे पाणी प्याले. “माझ्या हातात आता काही नाही,” म्हणाले, आणि उतरले.

चौथ्या दिवशी ती तुमच्या तहसील ऑफिसात उभी होती. बगलेत अंगणवाडीचं रजिस्टर. त्यात वाडीतली पोरं नावानिशी, आईबापासकट. याच सरकारनं ती पोरं जानेवारीत काट्यावर घालून ग्रॅमपर्यंत तोलली होती. तोलायला सापडतात, मोजायला सापडत नाहीत?

“ह्यावरनं लिवा,” तिनं सुभाष क्लार्कला सांगितलं.

“ते खातं वेगळं, मावशी. माणसं समोर आणा.”

“समद्यांना? कामं टाकून?”

“मग अर्ज ठेवून जा.”

“सायेब कुटं हायेत?”

“मीटिंगला.”

तुमच्या केबिनचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नाही. लंकाबाईनं पिशवीतून करवंदीची काटी काढली. तुम्हाला दाखवायलाच जाळीतून नवी तोडून आणली होती. ती तिनं तुमच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली.

“ओ मावशी! काय चाललंय?”

“कुलूप लावते.”

शिपाई फसकन हसला. सुभाष उठला. “उचला ती. साहेब येतील आत्ता.”

“कशावरनं?”

“अहो, बॅग आहे. पंखा चालू आहे. दिसत नाही का?”

“दिसतंय की. आमचं बी दिसत व्हतं.”

सुभाष काटी उचलायला वाकला. का कोण जाणे, तसाच सरळ झाला आणि जागेवर जाऊन बसला. लंकाबाई भिंतीला टेकून खाली बसली, रजिस्टर मांडीवर. चहावाला आला, काटीपाशी थांबला, कप घेऊन परत गेला. पाच वाजले. तुम्ही आला नाहीत.

जाताना तिनं काटी उचलली नाही. एवढंच म्हणाली, “खुर्चीत मानूस न्हाई, दाराला कुलूप न्हाई. रिकामं लिवू का, भाऊ?”

सुभाषनं समोरची फाइल ओढून घेतली. उत्तर त्यानं द्यायचंच नाही, साहेब, तुम्ही द्यायचंय. बोला. लिहू का रिकामं?