कोरियन क्रीमचा वानवळा

चमचा म्हटलं की तुम्हाला वरण आठवेल, नाहीतर साखरेचा डबा. मित्रांनो, मला आजवर कोणी वरणात बुडवलेलं नाही. मी बोटाएवढ्या लांबीचा, पांढऱ्या प्लास्टिकचा चपटा चमचा आहे. जन्म दक्षिण कोरियातल्या एका कारखान्यात आणि मुक्काम चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यातल्या एका गावात. आता कडेला थोडा चिरलो आहे, पण गोष्ट सांगण्याइतका शाबूत आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो होते. प्रत्येकाला क्रीमच्या एकेका डबीसोबत खोक्यात बसवत. डबीत बोट बुडू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. बोटावरची घाण आत गेली की क्रीम नासतं. वाटाण्याएवढं उचलून हातावर ठेवलं की सुटलो. शेजारी गोगलगाईच्या चिकट स्रावाच्या डब्या भरत, पलीकडे तांदळाच्या पाण्याच्या बाटल्या. माझ्या डबीत सेरामाईड होतं. ते त्वचेतल्या बारीक फटी बुजवतं आणि आतला ओलावा धरून ठेवतं. शिवाय सिकाचा अर्क होता. सिका हे नुसतं परदेशी नाव, बरं का. तुमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ओलाव्याला गोल पानांची मंडूकपर्णी उगवते ना, तीच ती.

तिथल्या लोकांची रीत मला पटायची. चेहरा हळू धुवायचा, ओलसर ठेवायचा, उन्हापासून जपायचा आणि मग धीर धरायचा. घासून, खरवडून एका रात्रीत उजळायचा हट्ट धरला की त्वचा रुसते.

माझी डबी आली ती करिष्मासाठी. करिष्मा वीस वर्षांची. तिला जंगल खात्यात वनरक्षक व्हायचं होतं. भरतीत मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं, म्हणून ती रोज सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर धावायची. पण गोरं दिसण्याचं खूळही डोक्यात होतं. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी एक ट्यूब तिने वर्षभर चेहऱ्याला चोपडली. आधी चेहरा चकाकला, सगळ्यांनी वाहवा केली. मग ट्यूब एक दिवस चुकली की आग व्हायला लागली. लाल चट्टे उठले, पुळ्या आल्या आणि उन्हात तर विचारूच नका. दसऱ्यापासून ती ओढणीने तोंड बांधून घरात बसली होती. धावणं बंद पडलं होतं आणि भरती मार्चमध्ये होती.

शेवटी वडील तिला चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड निघालं. डॉक्टरीणबाईंनी ती कशी सोडायची ते लिहून दिलं आणि चेहरा आधी आणखी लाल होईल, घाबरू नकोस, असंही सांगितलं. सोबत साधं, बिनवासाचं क्रीम आणि सनस्क्रीन. करिष्माने मोबाईलवर माझी डबी दाखवली. बाईंनी घटकांची यादी वाचली आणि म्हणाल्या, चालेल, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

डबी मागवून तिने दोन दिवस पाहिलं, मग चेहऱ्याला सुरुवात केली. रोज मला धुवायची, पुसायची, स्वच्छ रुमालावर ठेवायची. इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता. चेहरा सांगितल्याप्रमाणे आणखी लाल झाला. आरशासमोर तिचे डोळे भरून यायचे, तरी ती वाटाण्याएवढंच उचलायची. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

आता तिची आई इंदुताई. मनाने मोठी उदार. पहिल्या शेंगा असोत की नव्या धानाचे पोहे, शेजाऱ्यांना वानवळा गेल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. परदेशातून आलेली डबी लेकीने एकटीनेच वापरावी, हे तिला खुपत होतं. करिष्मा वडिलांसोबत पुन्हा चंद्रपूरला गेली, त्या दिवशी इंदुताईने तीन शेजारणींसाठी तीन वाट्या मांडल्या आणि मलाच हातात घेतलं. वाटाण्याएवढं उचलायला जन्मलेला मी त्या दिवशी पोळ्यांवर तूप वाढावं तसा राबलो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

संध्याकाळी करिष्माने झाकण उघडलं.

"आई, डबी काऊन रिकामी?"

"रिकामी कायले? तळाशी आहे ना. रीताले देल्ली, खैरुनबाईले देल्ली, इतवारीबाईले देल्ली."

"अवो, ते काय पोहे होते का? डॉक्टरनं मले लावाले सांगतलं होतं! अन् आता साऱ्या गावाले समजलं ना माझ्या तोंडाचं!"

"मी काईच नाई सांगतलं. इतकंच म्हटलं, करिष्माच्या तोंडाची आग होते, त्याच्यावरचं आहे."

करिष्माने कपाळाला हात लावला. "मी भरतीले जात नाई," म्हणाली आणि आतून कडी लावून घेतली. इंदुताई दाराशी बसून राहिली. ते सारं वाटप माझ्याच अंगाने झालं होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाट्या परत आल्या. वानवळ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इतवारीबाईने मूठभर तुरीच्या शेंगा घालून आणल्या. क्रीम तिने टाचांना फासलं होतं आणि टाचा खूश होत्या. मग शेजारची सून रीता आली, पदर नाकापर्यंत ओढलेला. तिच्या वाटीत अर्धी पिळलेली ट्यूब होती.

"बाई, करिष्मा हेच लावत होती का? माझं बी तोंड जळते. सहा महिने झाले, घरी कोणाले सांगतलं नाई."

पाठोपाठ बाजारात बांगड्या विकणारी खैरुन आली. तिच्याही वाटीत तीच ट्यूब. "माझी शाजिया लावते. पोट्टी घराभाईर निघत नाई. मले वाटलं, पाण्याचा फरक आहे."

आतली कडी निघाली. करिष्मा बाहेर आली, वाट्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर तोंडावरची ओढणी सोडली.

"हे पाहा, असं होते. पण बरं होते म्हणते डॉक्टर. एकदम सोडू नका, पयले दाखवा. सोमवारी आपण सोबत जाऊ."

रीता आणि शाजियाला घेऊन ती सोमवारच्या बसने चंद्रपूरला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डबी कोरियाचीच हवी असं काही नाही, सावलीच्या मेडिकलमधलं साधं क्रीमही चालेल. ऐकून मी जरा खट्टू झालो. पण खरं ते खरं.

आठवडाभराने तिघी सकाळी नहराच्या रस्त्यावर दिसू लागल्या. करिष्मा धावायची, शाजिया मोबाईलवर वेळ मोजायची आणि रीता जमेल तेवढं चालायची. मार्चमध्ये भरतीच्या दिवशी ऊन कडक होतं. करिष्माने सनस्क्रीन लावली आणि तोंड न झाकता तीन किलोमीटर धावली. गालांवर लाली अजून थोडी होती. निवडीची यादी अजून लागायची आहे.

मी सध्या इंदुताईच्या कुंकवाच्या डबीत असतो. कोरियाचा पांढरा चमचा आता पुरता लाल झाला आहे, आणि माझं मूळचं काम कोणाला आठवतही नाही. तक्रार नाही. फक्त एवढं ऐका, मित्रांनो. चेहऱ्याला काही लावायचं तर थोडं लावा, आधी हातावर लावून बघा आणि दुकानदारापेक्षा डॉक्टरांना विचारा. आणि तरीही कधी तोंड जळायला लागलं, तर कडी लावून बसू नका. शेजारचं दार वाजवा. तिथेही कोणीतरी तोंड झाकून बसलेलं असेल.